विश्लेषण : मुक्तस्रोत गणिती सॉफ्टवेअर महाविद्यालयात रुजले; कारखान्यात का नाही?

बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. अकरा किलोमीटरच्या या मार्गाच्या एका टोकाला बेलापूरमधील अभियांत्रिकी सल्लागारांची कार्यालये आहेत, मध्ये खारघर आणि तिथली महाविद्यालये, तर पेंधरच्या पलीकडे तळोजा एमआयडीसीतील रासायनिक कारखाने. खारघरमध्ये शिकलेला अभियंता अर्ध्या तासात कारखान्याच्या जवळपास पोहोचतो. त्याने महाविद्यालयात शिकलेले गणिती सॉफ्टवेअर मात्र त्याच्याबरोबर पोहोचत नाही. मुंबई विद्यापीठाने गेल्या दशकातील अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या गणितात ‘सायलॅब’ या मुक्तस्रोत, म्हणजेच ओपन सोर्स, सॉफ्टवेअरचा समावेश केला होता. हजारो विद्यार्थ्यांनी त्यावर समीकरणे सोडवली, वहीत प्रिंटआउट चिकटवले आणि गुण मिळवले. नोकरीत रुजू झाल्यावर लहान-मध्यम कारखान्यात त्यांच्यापुढे आली ती बहुधा एक्सेलची जुनी फाइल. असे का होते आणि त्याची किंमत कोण मोजते?

हे सॉफ्टवेअर नेमके कशासाठी?

तळोज्यासारख्या वसाहतीतील नेहमीचे उदाहरण घेऊ. बॅच रिॲक्टरमध्ये एक द्रव आहे, त्यात दुसरा हळूहळू सोडायचा आहे. अभिक्रियेतून उष्णता बाहेर पडते आणि रिॲक्टरच्या जॅकेटमधून फिरणारे थंड पाणी ती काढून घेते. दुसरा द्रव दोन तासांत सोडायचा की चार? घाई केली तर तापमान चढते, तापमान चढले की अभिक्रियेचा वेग वाढतो आणि वेग वाढला की आणखी उष्णता निर्माण होते. हे चक्र हाताबाहेर गेले तर काय होते, हे रासायनिक पट्ट्यातल्या रहिवाशांना समजावून सांगावे लागत नाही.

तापमान मिनिटागणिक कसे बदलेल हे सांगणारी समीकरणे मांडता येतात, पण ती कागदावर सूत्राने सुटत नाहीत. काळाचे बारीक तुकडे पाडून, एकेक पाऊल टाकत उत्तराजवळ जावे लागते. हे काम करणारी साधने म्हणजे गणनाची सॉफ्टवेअर. त्यांतले सर्वात प्रसिद्ध नाव मॅटलॅब. ते विकत घ्यावे लागते आणि त्याचे विशेष संच, म्हणजे टूलबॉक्स, वेगळ्या किमतीला मिळतात. मुक्तस्रोतांमध्ये सायलॅब, ऑक्टेव्ह, ज्युलिया आणि पायथॉन भाषेतील नमपाय-सायपाय ही प्रमुख नावे. कोणीही ती उतरवून घ्यावी, आतला कोड वाचावा, त्यात बदल करावा.

फुकटचे म्हणजे कच्चे, हा समज खरा आहे का?

इतिहास पाहिला तर गोष्ट जवळजवळ उलटी दिसते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील न्यू मेक्सिको विद्यापीठात क्लीव्ह मोलर हे प्राध्यापक होते. सार्वजनिक निधीतून तयार झालेले लिनपॅक आणि आइसपॅक हे गणिती संच विद्यार्थ्यांना फोरट्रान न शिकता वापरता यावेत म्हणून त्यांनी मॅटलॅब लिहिले. त्याच्या प्रती त्या काळी मोफत वाटल्या जात. कंपनी उभी राहिली ती १९८४ मध्ये. त्या जुन्या संचांची जागा १९९२ मध्ये लॅपॅक या मोफत संचाने घेतली आणि २००० मध्ये मॅटलॅबनेही तोच स्वीकारला. सायलॅब, ऑक्टेव्ह आणि नमपाय यांच्या पोटातही लॅपॅकच आहे. समीकरणांचा संच सोडवताना महागड्या आणि मोफत सॉफ्टवेअरच्या बॉनेटखाली बऱ्याच अंशी एकाच घराण्याचे इंजिन चालते. पैसे मोजले जातात ते बाहेरच्या सोयींसाठी. त्या सोयी खऱ्या आहेत, पण गणित बरोबर येण्याचा मक्ता त्यांच्याकडे नाही.

ऑक्टेव्हची जन्मकथा तर तळोज्यातल्या केमिकल इंजिनीअरला घरची वाटावी. रासायनिक रिॲक्टरच्या रचनेवरील एका पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून १९८८च्या सुमारास त्याची कल्पना निघाली. १९९२ मध्ये जॉन ईटन यांनी ते पूर्णवेळ लिहायला घेतले आणि १९९४ मध्ये पहिली आवृत्ती आली. नावाचा संगीतातील सप्तकाशी काही संबंध नाही. ते ईटन यांचे प्राध्यापक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून ठेवले. हेच ते लेव्हनस्पील, ज्यांचे रिॲक्शन इंजिनीअरिंगचे पुस्तक भारतातील केमिकलच्या विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्यांनी वापरले आहे. पुस्तक ओळखीचे आणि त्यांच्या नावाचे सॉफ्टवेअर अनोळखी, ही आपल्याकडची स्थिती.

सायलॅब फ्रान्समधील इन्रिया या सरकारी संशोधन संस्थेत घडले. फ्रान्सची अंतराळ संस्था सीएनईएस मोहिमांच्या कक्षा आखण्यासाठी सायलॅबवर बेतलेला ‘सेलेस्टलॅब’ हा संच वापरते आणि तो तिने इतरांसाठीही खुला केला आहे. २०१९ मध्ये जगाने पाहिलेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेमागील आकडेमोडीत नमपाय होते. कच्च्या साधनावर अशी कामे कोणी सोपवत नाही.

महाराष्ट्रात याचे काम कोणी केले?

पवईच्या आयआयटी मुंबईने. केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञानाधारित शिक्षणाच्या राष्ट्रीय मोहिमेतून तिथे ‘फॉसी’ हा प्रकल्प उभा राहिला. केमिकल इंजिनीअरिंगचे प्रा. कन्नन मौदगल्य यांच्या पुढाकाराने सायलॅबचा प्रसार झाला. प्रमाण पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे विद्यार्थ्यांनी सायलॅबमध्ये लिहायची, तपासून घ्यायची आणि त्याचे मानधन मिळवायचे, अशी योजना आखली गेली. त्यातून शेकडो पुस्तकांचे जोडग्रंथ तयार झाले. ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. एक हीटर, एक पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक असलेले छोटे यंत्र करून ते दूरच्या महाविद्यालयातूनही सायलॅबद्वारे चालवता येईल अशी सोय झाली. रिॲक्टरचे तापमान आवरण्याच्या धड्याची ही टेबलावर मावणारी आवृत्तीच.

त्याच संस्थेतील एरोस्पेस विभागाचे प्रा. प्रभू रामचंद्रन यांचे ‘मयावी’ हे त्रिमिती चित्रणाचे सॉफ्टवेअर जगभरचे संशोधक वापरतात. पोलादी बांधकामासाठी ‘ऑसडॅग’ही पवईतच तयार झाले. भारतीय मानक आयएस ८००:२००७ नुसार ते पोलादी जोडांची रचना करून देते; आयते मिळणारे परदेशी सॉफ्टवेअर भारतीय मानकाशी जुळवून घेण्याची कसरत त्यात नाही. तेव्हा साधने आहेत, मराठीतले धडे आहेत, शिकलेली मुलेही आहेत.

मग घोडे अडते कुठे?

पहिली अडचण एक्सेल. मोफत सॉफ्टवेअरची खरी स्पर्धा मॅटलॅबशी नाही. लहान कारखान्यात मॅटलॅब मुळात नसतेच. तिथे कधीकाळी एखाद्या हुशार अभियंत्याने बांधलेली एक्सेल फाइल असते. तो नोकरी सोडून गेलेला असतो, फाइल उरते. कोणत्या खान्यात कोणते सूत्र आहे हे कोणाला ठाऊक नसते आणि हात लावायचे धाडसही नसते. वरच्या रिॲक्टरचे गणित अशा फाइलमध्ये बहुतेकदा ठरावीक पावलांनी केलेले असते, समजा एका मिनिटाच्या. अभिक्रिया संथ असेल तर ते निभते. ती अचानक वेगाने पेटणारी असेल तर तापमानाचा कळस दोन पावलांच्या मध्ये हुकू शकतो, आणि तक्ता वरकरणी व्यवस्थितच दिसतो. सायलॅबमधील ‘ओडीई’ ही आज्ञा परिस्थिती पाहून आपले पाऊल स्वतः लहान-मोठे करते. तिच्यामागचा संचही अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने सर्वांसाठी खुला केलेला. वीस-पंचवीस ओळींचे काम आहे.

एक्सेल वाईट नाही. हिशेब, साठा, पगारपत्रक यांसाठी ते उत्तमच आहे. पण ते आपल्याला न विचारता नोंदी बदलते, हे संशोधकांनीही अनुभवले. काही जनुकांची नावे एक्सेल तारखा समजून बदलून टाकत असे. अखेर २०२० मध्ये जनुकांच्या नामकरण समितीने सॉफ्टवेअरपुढे हात टेकून जनुकांचीच नावे बदलली.

दुसरी अडचण चोरीच्या प्रतींची. पेनड्राइव्हवरून आलेले ‘क्रॅक’ सॉफ्टवेअर फुकट पडते, त्यामुळे मोफत पर्यायाची किमतीतली बाजूच लंगडी होते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला किमान सात दिवस ते तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याआधी साधा प्रश्न आहे. ज्या प्रतीचे कुलूप कोणा अनोळखी माणसाने तोडले, तिच्यात आणखी काय फिरवले हे कोण सांगणार? त्या प्रतीवर रिॲक्टरच्या सुरक्षेचे गणित करणे, हा काटकसरीचा अजब प्रकार आहे.

तिसरे कारण व्यवस्थापनाच्या तोंडी नेहमी असते : ‘काही चुकले तर जबाबदार कोण?’ विकत घेतले की कंपनी जबाबदार, असे गृहीत धरले जाते. विकतच्या सॉफ्टवेअरचा करार फारसे कोणी वाचत नाही. चुकीच्या निकालामुळे झालेल्या नुकसानीची जबाबदारी आपल्यावर नाही, किंवा असलीच तर भरलेल्या किमतीपुरती, असे त्यात सर्रास लिहिलेले असते. पैसे भरून मिळतो तो मदतीचा फोन नंबर, आणि त्याचेही मोल आहेच. नकाशावर सही करणारा स्ट्रक्चरल इंजिनीअर आणि प्लांटचा सुरक्षा अहवाल देणारा अभियंता यांची जबाबदारी मात्र दोन्ही बाबतींत त्यांच्याच खांद्यावर राहते.

चौथे कारण खरेच वजनदार आहे आणि मुक्तस्रोताचे समर्थक ते चटकन ओलांडून जातात. पुणे-चाकणच्या वाहन उद्योगात सिम्युलिंकवर सगळी साखळी बांधली गेली आहे. मोठी कंपनी पुरवठादाराकडून त्याच स्वरूपातील मॉडेल मागते, त्यातून थेट नियंत्रकाचा कोड तयार होतो आणि सुरक्षा मानकांची कागदपत्रेही त्याच साखळीत बनतात. सायलॅबचे एक्सकॉस हे साधन शिकायला चांगले असले तरी ही साखळी ते आज पेलू शकत नाही. अशा ठिकाणी पैसे मोजणे हाच शहाणपणा. तळोज्यातील बॅच रिॲक्टर, उष्णता विनिमयक किंवा पंपांच्या गणिताला मात्र ती सबब लागू होत नाही.

परवाना दुसऱ्याच्या हाती असण्यात धोका किती?

जून २०२० मध्ये चीनच्या हार्बिन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला मॅटलॅबचा वापर एकाएकी बंद झाला, कारण अमेरिकेने ती संस्था निर्बंधांच्या यादीत टाकली होती. चीनची गोष्ट म्हणून आपल्याकडे ती वाचून सोडून दिली गेली. जुलै २०२५ मध्ये आच घरात लागली. रशियाच्या रोसनेफ्टची भागीदारी असलेल्या आणि गुजरातेत वाडीनारला तेलशुद्धीकरण प्रकल्प चालवणाऱ्या नायरा एनर्जीवर युरोपीय संघाने निर्बंध घातले. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि काही दिवसांनी सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही, परवान्याचे पैसे भरलेले, तरीही ईमेल बंद.

राजकारण नसले तरी अडते. मे २०२५ मध्ये मॅटलॅबच्या निर्मात्या मॅथवर्क्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि परवाना केंद्रासह अनेक ऑनलाइन सेवा कित्येक दिवस विस्कळीत राहिल्या. गणित आपले, संगणक आपला, वीज आपली, चावी सातासमुद्रापार. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर सायबर हल्ले होत नाहीत असे नाही. पण एकदा उतरवून घेतलेली प्रत कोणाच्या परवानगीवाचून चालत राहते, एवढा फरक आहे.

मुक्तस्रोत म्हणजे सगळे निर्धास्त, असे आहे का?

नाही. पायथॉन मोफत आहे. पण ते ज्या आयत्या संचातून अनेकजण उतरवून घेतात, त्या ॲनाकोंडाने २०२० मध्ये अटी बदलल्या आणि दोनशेहून अधिक कर्मचारी असलेल्या व्यावसायिक संस्थांना सशुल्क परवाना आवश्यक केला. ज्यांनी अटी वाचल्या नाहीत, ते नकळत नियमभंग करत राहिले. त्याच नमपाय-सायपायचे अन्य मोफत मार्ग उपलब्ध आहेत, पण ते कोणीतरी शोधून बसवून द्यावे लागतात.

उलट दिशेचा गैरसमजही आहे. ऑक्टेव्ह आणि सायलॅब जीपीएल परवान्याखाली येतात, म्हणून त्यात लिहिलेले आपले सूत्र जगजाहीर करावे लागेल, अशी भीती कारखानदारांना वाटते. जीपीएलच्या अटी लागू होतात त्या सॉफ्टवेअर किंवा त्याची बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना. कारखान्याच्या चार भिंतींत स्वतःच्या रिॲक्टरसाठी लिहिलेली गणिते कोणालाही दाखवावी लागत नाहीत.

आणि मोफत वस्तूही कोणीतरी खपून तयार केलेली असते. अब्जावधींच्या उलाढालीचे उद्योग ज्यावर उभे आहेत ते नमपाय बराच काळ मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालले. २०१७ मध्ये अमेरिकेतील मूर फाउंडेशनने सहा लाखांहून अधिक डॉलर दिले, तेव्हा त्याच्या विकासाला पहिल्यांदा भरीव निधी मिळाला. सायलॅबचेही हात बदलले : इन्रिया, मग स्वतंत्र कंपनी, २०१७ मध्ये ईएसआय ग्रुप आणि आता दासो सिस्टीम्स. भारतात झिरोधाने २०२४ मध्ये मुक्तस्रोत प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. उत्पादन क्षेत्रातील एखाद्या भारतीय उद्योगसमूहाने गणिती सॉफ्टवेअरसाठी असा हात सैल सोडायला हरकत नव्हती.

खारघरच्या पट्ट्यात काय शक्य आहे?

मुक्त साधने इथे अगदीच परकी नाहीत. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये भारतीय रुग्णांच्या जनुकीय फरकांचा ‘टीएमसी-एसएनपीडीबी’ हा संग्रह सर्वांसाठी खुला केला. परदेशी संग्रहांत भारतीयांची नोंद तोकडी, म्हणून स्वतःचा संग्रह उभारावा लागला. जनुकीय विश्लेषणाच्या या क्षेत्रात मुक्त सॉफ्टवेअर हाच शिरस्ता आहे आणि तिथे ‘जबाबदार कोण’ या प्रश्नावाचून काम अडलेले नाही. निकाल पुन्हा काढून पाहता येणे, आतले तपासता येणे, हीच तिथली हमी. औषध कंपन्यांनाही यात धडा आहे. विशिष्ट सांख्यिकी सॉफ्टवेअरच वापरा असा आपला आग्रह नाही, असे अमेरिकेच्या एफडीएने २०१५ मध्येच स्पष्ट केले होते. आग्रह आहे तो वापरलेले साधन पडताळून पाहण्याचा, आणि ती पडताळणी विकतच्या सॉफ्टवेअरलाही चुकत नाही.

तळोज्यातील लहान कारखान्याला परवान्यावर लाखो रुपये खर्चायचे नाहीत, हे समजण्यासारखे आहे. पण वाचलेल्या पैशांतला काही भाग गणित सांभाळणाऱ्या माणसावर खर्च करायचीही तयारी नसेल, तर सॉफ्टवेअर बदलून काही साधणार नाही. ‘मोफत’ या शब्दाने मालक खूश होतो आणि तिथेच थांबतो. सायलॅबमध्ये लिहिलेली फाइलही लिहिणारा सोडून गेला की एक्सेलच्या फाइलइतकीच अनाथ होते. फरक एवढाच की ती ओळीओळीने वाचता येते आणि नव्या माणसाला उलगडता येते.

महाविद्यालयांची बाजूही धड नाही. पहिल्या वर्षी सायलॅबवर तीन समीकरणे सोडवायची आणि त्यानंतर चौथ्या वर्षापर्यंत ते उघडायचे नाही, याला शिकणे म्हणत नाहीत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प अजूनही अनेक ठिकाणी आयते मिळतात, थोडे फिरवले जातात आणि जमा होतात. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी पेंधरपर्यंत मेट्रोने जावे, एखाद्या कारखान्यातील एकच जुनी एक्सेल फाइल घ्यावी, ती सायलॅब किंवा पायथॉनमध्ये लिहावी आणि दोन्हींची उत्तरे प्लांटवरील प्रत्यक्ष नोंदींशी ताडून पाहावीत. कारखान्याला तपासलेले गणित मिळेल, विद्यार्थ्यांना नोकरीच्या मुलाखतीत सांगण्याजोगे काम. पवईने प्रयोगशाळेतील प्रयोग सायलॅबवर नेण्याची योजना राबवली आहेच. तोच नमुना कारखान्यातल्या फाइलला लावायचा आहे. उत्तरे जुळली नाहीत, तर चूक कोणत्या बाजूला आहे हे शोधताना विद्यार्थी आणि शिफ्ट इंजिनीअर यांना एकाच टेबलाशी बसावे लागेल.